आधी पट्टा, मग गाडी : मुलांना घेऊन घरच्या घरी चेनवाली गाडी बनवताना

आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. २०१२ साली खाणी थांबल्या, त्याआधी मी एका खाणीच्या वर्कशॉपात फिटर होतो. डोझर आणि पोकलेनच्या ट्रॅक चेन उतरवणं, चढवणं, झिजलेले रोलर बदलणं हे रोजचं काम. ('पोकलेन' हे खरं तर एका फ्रेंच कंपनीचं नाव, पण आमच्याकडे चेनवर चालणारं आणि खोदणारं ते सगळं पोकलेनच.) धाकट्याने ती मशीनं चालू अवस्थेत फारशी पाहिली नाहीत, पण वेड मात्र उचललं. मागच्या मे महिन्यात त्याने हट्ट धरला : दुकानातली नको, आपण बनवू. तो नऊ वर्षांचा, थोरली बाराची. मला वाटलं, आठवड्याचं काम. लागले अडीच महिने, आणि त्यातला निम्मा वेळ माझ्याच चुका निस्तरण्यात गेला. तुमचा तो जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

गाडीचं माप आधी सांगतो. लांबी पाऊण मीटरच्या आत, रुंदी ६० सेंमी, रिकामी असताना वजन साधारण १४ किलो. वर मूल बसत नाही, बसवूही नये. वायरने जोडलेल्या डबीवरून मागे चालत ती हाकायची. न सोललेले आठ-दहा नारळ घेऊन कुळागराच्या (नारळ-पोफळीच्या बागेच्या) उतारावरून घरी येते. वेग ताशी सव्वा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आजीच्या चालीपेक्षाही कमी. मुलांसाठी हाच वेग बरा.

एक गोष्ट आत्ताच मनात पक्की करा. सगळे आधी गाडीचा सांगाडा करतात आणि शेवटी त्यावर पट्टा, म्हणजे चेन, चढवायला बघतात. मीही तेच केलं. वर्कशॉपात पट्टा तयार यायचा, म्हणून मला तो सुटा भाग वाटायचा. घरी तो तुमच्या हातून जसा होईल तसा होतो, आणि बाकी सगळं त्याच्या मापाने करावं लागतं. माझा पहिला सांगाडा सध्या कोंबड्यांचा खुराडा आहे.

१. सामान, हत्यारं आणि कागद

मला आलेला खर्च असा :

- वायपर मोटर (गाडीच्या काचेवरचा वायपर फिरवणारी), जुन्या, २ नग : ८०० रुपये
- १२ व्होल्ट, ७ एएचची यूपीएसची बंद बॅटरी : १,०५०
- सहा पायांचे स्विच, २ नग : २२०
- कन्व्हेयर बेल्टचा तुकडा, १७० सेंमी लांब, १२ सेंमी रुंद : २५०
- १२ मिमी प्लायचे तुकडे, सुताराकडून : ४००
- ६०८ नंबरचे बेअरिंग, १८ नग : ४५०
- नटबोल्ट, वॉशर : ७००
- वायर, फ्यूज, लग (वायरीच्या टोकाला लावायच्या कड्या) : ३८०
- पोफळीच्या रिपा : फुकट

एकूण ४,२५० रुपये. चुकांचे साधारण ६०० वेगळे, ते मी मुलांच्या आईला सांगितलेले नाहीत.

हत्यारं : ड्रिल, जिगसॉ, २२ मिमीचा फ्लॅट बिट, दोन क्लॅम्प, पान्यांचा सेट, गुण्या, मल्टिमीटर आणि तिघांना पुरतील इतके डोळ्यांचे चष्मे. ग्राइंडर लागला तर तो फक्त तुमच्या हातात, तोही मुलं अंगणात नसताना. ड्रिल थोरलीने चालवलं, पण रीप क्लॅम्पमध्ये आवळल्याशिवाय नाही. केस बांधलेले, ओढणी नाही, हातमोजे नाहीत. हातमोजा बिटमध्ये अडकला तर हातही आत ओढतो.

मोटर भंगारअड्ड्यावर मिळते. बेल्टही तिथेच विचारा. खाणींच्या आणि जेटींच्या भागात त्याचे तुकडे निघत असतात. बारीकसारीक नटबोल्ट मी म्हापशाला गेलो तेव्हा शुक्रवारच्या बाजाराबरोबरच उरकून घेतले, वजनावर घेतले तर स्वस्त पडतात.

कागद म्हणाल तर परवाना काही लागत नाही, कारण ही गाडी रस्त्यावर न्यायचीच नाही. तरी तीन गोष्टी जवळ ठेवा. भंगारअड्ड्यावरून घेतलेल्या मोटरची साधी पावती, कारण गाड्यांचे सुटे भाग चोरीचेही असतात. बॅटरीचं बिल, कारण वॉरंटी त्यावरच, आणि मेलेली बॅटरी कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडे परत द्यायची असते. आणि ज्याच्या भाटात (माडांच्या बागेत) गाडी फिरवणार त्याचा होकार. हा तोंडी चालतो, पण आधी घ्यावा. जमीन कोमुनिदादची (गावाच्या सामाईक मालकीची) असेल तर 'कोणाचीच नाही' असं समजू नका.

२. पट्टा

इथे घाई करू नका. वाळवणीचा महिना सोडूनही आमचे तीन आठवडे यातच गेले.

पट्टा म्हणजे रबराच्या दोन समांतर पट्ट्या आणि त्यांवर बाहेरून आडव्या ठोकलेल्या लाकडी रिपा. मापं अशी : रीप १५ सेंमी लांब, अडीच सेंमी रुंद, बारा मिमी जाड. एका रिपेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत बरोबर ५ सेंमी. एका बाजूला ३२, दोन बाजूंना मिळून ६४ रिपा. रबराची प्रत्येक पट्टी अडीच सेंमी रुंद, आणि दोघींमध्ये ४ सेंमीची मोकळी वाट. या वाटेतून चाकं चालतात आणि दोन्हीकडचं रबर त्यांना भिंतीसारखं आवरून धरतं, त्यामुळे पट्टा बाजूला सरकत नाही.

लाकूड हलकं वाटेल, पण लाजायचं कारण नाही. कॅलिफोर्नियातल्या बेंजामिन होल्टने १९०४ साली वाफेच्या ट्रॅक्टरची मागची चाकं काढून पट्टे बसवले, कारण तिथल्या भुसभुशीत जमिनीत चाकं रुतायची. त्याच्या त्या पहिल्या पट्ट्यांनाही लाकडी फळ्याच होत्या. रणगाडा युद्धात उतरला तो त्यानंतर बारा वर्षांनी, १९१६ च्या सप्टेंबरात. म्हणजे आधी शेत आणि मग लढाई. धाकट्याला हे उलट वाटायचं.

आम्ही पोफळीच्या रिपा घेतल्या. शेजारच्या कुळागरात एक पोफळ पडली होती. तिचं बाहेरचं कवच कठीण असतं, आतला गाभा भुसा. कवच उभं चिरून, गाभा तासून, महिनाभर सावलीत वाळवलं. पोफळ तंतूंच्या दिशेने चिरते, म्हणून लांब रिपेला आधी भोकं पाडा आणि मगच १५ सेंमीचे तुकडे कापा. उलटं केलंत तर दर चौथा तुकडा फुटेल. कापून झाल्यावर उंडीचं तेल दोनदा द्या. पोफळ मिळाली नाही तर सागाचे सुताराकडचे उरलेले तुकडे चालतात. साध्या प्लायच्या रिपा पावसात पुस्तकासारख्या उलगडतात.

आता रबर. पहिल्यांदा मी ट्रकच्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या. फुकट होत्या, कापायला सोप्या होत्या. अंगणात गाडी छान चालली. उन्हात दोन तास राहिली आणि पट्टा दोन बोटं सैल. ट्यूब ताणते, आणि ताणली की ५ सेंमीचे सव्वापाच होतात. मग स्प्रॉकेटचा (पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा) दात रिपांमधल्या फटीत न जाता रिपेवर चढतो. कट-कट आवाज, आणि पट्टा बाहेर. कन्व्हेयर बेल्टच्या आत कापडाचे थर असतात, म्हणून तो वाकतो पण ताणत नाही. सहा ते आठ मिमी जाडीचा घ्या. धारदार सुरी, पट्टी आणि साबणाचं पाणी. पाण्याने सुरी अडकत नाही. हे कापणं मोठ्यानेच करायचं.

खुणा करताना माझी दुसरी चूक झाली. मी एक रीप ठेवून तिच्यापासून ५ सेंमी, मग पुढची, मग तिच्यापासून ५ अशी मोजत गेलो. दर वेळी अर्धा मिमी चुकलो तर ३२ रिपांनंतर १६ मिमी. डावा पट्टा आणि उजवा पट्टा सख्खे भाऊ राहिले नाहीत. थोरलीने टेप अंथरून सगळ्या खुणा शून्यापासून केल्या : ५, १०, १५, २०, थेट १६० पर्यंत. चूक झाली तरी ती त्या एका खुणेपुरती, पुढे साठत नाही. हे काम मुलांनाच द्या, ती आपल्यापेक्षा नेटकं करतात.

प्रत्येक रिपेला दोन बोल्ट, ५ मिमीचे, एकेका रबराला एक. बोल्टचं डोकं रबराच्या बाजूला मोठ्या वॉशरसकट, नट बाहेर, आणि नट नायलॉनचे. साधे नट थरथरून गळतात. १२८ बोल्ट आवळायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. धाकटा मोजत होता आणि दर दहाला एक बिस्किट घेत होता.

पट्टीची टोकं जोडताना १० सेंमी एकावर एक घ्या, म्हणजे जोड दोन रिपांच्या बोल्टखाली येतो. दोन पट्ट्यांचे जोड एकाच जागी आणू नका, तिथे पट्टा ताठ होतो आणि प्रत्येक फेरीला गाडी उचकी देते.

३. स्प्रॉकेट

पट्टा हातात आल्यावरच स्प्रॉकेट कापा. दहा दात, दर दाताला ५ सेंमी, म्हणजे परीघ ५० सेंमी, म्हणजे व्यास साधारण १६ सेंमी. 'साधारण' म्हणतोय, कारण तुमच्या रबराच्या जाडीनुसार एक-दोन मिमी इकडेतिकडे होतं. म्हणून आधी जाड पुठ्ठ्याचं स्प्रॉकेट करा, पट्टा त्याभोवती गुंडाळा, दात फटीत सुखाने बसतात का ते बघा. आमचं तिसरं पुठ्ठ्याचं बरोबर आलं.

१२ मिमी प्लायच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून २४ मिमी जाडी करा. रिपांमधली फट अडीच सेंमी आहे, म्हणून दात बुडाशी दोन सेंमीपेक्षा जाड नको, टोकाला सव्वा सेंमी आणि उंची १२ मिमी. दाताच्या कडा पॉलिशपेपरने गोल करा. घट्ट बसणारा दात कोरड्या अंगणात शोभतो, चिखलात अडकतो.

४. रोलर, आयडलर आणि सांगाडा

हे सोपं आहे, भरभर सांगतो. पुढे आयडलर : १६ सेंमीचीच चकती, पण बिनदातांची. मध्ये तीन रोलर, १० सेंमी व्यासाचे. सगळ्यांची जाडी २४ मिमी. ६०८ बेअरिंगचा बाहेरचा व्यास २२ मिमी आणि भोक ८ मिमी, म्हणून २२ चा फ्लॅट बिट आणि ८ चा बोल्ट. प्रत्येक चाकाला दोन बेअरिंग, दोन्ही बाजूंनी एकेक ठोकून.

प्रत्येक बाजूचा सांगाडा म्हणजे प्लायच्या दोन उभ्या पाट्या, त्यांच्यात ४ सेंमी अंतर, आणि चाकं त्या दोघींमध्ये. बोल्ट दोन्ही पाट्यांतून आरपार गेला पाहिजे. एकाच पाटीवर लोंबकळणारा बोल्ट आठवड्यात वाकतो. स्प्रॉकेटच्या मध्यापासून आयडलरच्या मध्यापर्यंत ५५ सेंमी. गणित जमतं का बघा : वर ५५, खाली ५५, दोन अर्धवर्तुळं मिळून ५०, एकूण १६०, भागिले ५, बरोबर ३२ रिपा. हे गणित मी मुलांना सांगितलं नाही. 'किती रिपा लागतील?' एवढंच विचारलं. थोरलीने उत्तर काढलं तेव्हा तिला शाळेतला परीघ पहिल्यांदा उपयोगी पडला.

रोलरचे बोल्ट स्प्रॉकेटच्या मध्यरेषेपासून साडेतीन सेंमी खाली घ्या. त्यामुळे रोलरचा तळ स्प्रॉकेटच्या तळापेक्षा अर्धा सेंमी खाली येतो आणि गाडीचं वजन रोलर घेतात, मोटर नाही. मागून १५, साडेसत्तावीस आणि ४० सेंमीवर ते बसवा. त्याहून मागे घेतलात तर स्प्रॉकेटचे दात रोलरला घासतील. पाट्यांची खालची कड रोलरच्या तळापासून किमान अडीच सेंमी वर ठेवा, आणि पाट्यांची टोकं गोल करा, नाहीतर रबर त्यांना घासत राहतं.

आयडलरच्या बोल्टसाठी गोल भोक पाडू नका, ४ सेंमीची आडवी खाच करा. सायकलच्या मागच्या चाकाची चेन आपण जशी ताणतो, तसा पट्टा इथून ताणायचा. मोठ्या मशीनमध्ये हेच काम ग्रीस पंपाने होतं : सिलिंडरमध्ये ग्रीस भरलं की आयडलर पुढे सरकतो. ताण किती? वरच्या पट्ट्यावर मध्यभागी बोटाने दाबा. दीड-दोन सेंमी दबला पाहिजे. नव्या माणसाला ढिला पट्टा बघवत नाही आणि तो तारेसारखा ताणतो. मग मोटर निम्मी ताकद स्वतःचाच पट्टा फिरवण्यात घालवते.

दोन्ही बाजू दोन आडव्या लाकडी दांड्यांनी जोडा. दांड्या पट्ट्याच्या वरच्या आणि खालच्या धावेमधून जातात. दोन पट्ट्यांच्या मध्यांत ४५ सेंमी अंतर ठेवा. ते कमी करून गाडी लांबट-चिंचोळी केली तर ती वळत नाही. पट्ट्याची गाडी वळते म्हणजे स्वतःला जमिनीवर आडवी घासटवते. जितकी लांब आणि अरुंद, तितकी ती हट्टी.

५. मोटर : इथे बहुतेकांचा फ्यूज उडतो

वायपर मोटर स्वस्त, दणकट आणि मुळातच संथ, कारण आत वर्म गिअर (मळसूत्रासारखा गिअर) असतो. चवथीच्या हलत्या देखाव्यांमुळे आमच्या वाड्यावरच्या पोरांना तिची खडानखडा माहिती. पुढचे तिन्ही सल्ले त्यांचेच, पहिला मी ऐकला नाही.

पहिला : पुष्कळ वायपर मोटरींत निगेटिव्ह मोटरच्या पत्र्याच्या अंगालाच जोडलेला असतो. मोटर उलटी फिरवायला आपण वायरी उलटवतो, की अंगात पॉझिटिव्ह येतो. दोन्ही मोटरी एकाच लोखंडी पट्टीवर बसवल्या आणि एक पुढे, एक मागे केली, की शॉर्ट. माझे तीन फ्यूज गेले आणि मी स्विचला शिव्या दिल्या. उपाय साधा : मोटरी लाकडावरच बसवा, आणि एकीचा बोल्टसुद्धा दुसरीच्या लोखंडाला लागू देऊ नका. मल्टिमीटरने एका मोटरच्या अंगापासून दुसरीच्या अंगापर्यंत तपासा, वायरी जोडण्याआधी. बीप वाजला तर थांबा.

दुसरा : दोन्ही मोटरी एकाच मॉडेलच्या घ्या. वेगवेगळ्या घेतल्या तर गाडी सरळ जातच नाही, गोल गोल प्रदक्षिणा घालते. भंगारअड्ड्यावर बॅटरी घेऊन जा आणि दोन्ही मोटरी तिथेच फिरवून बघा. मिनिटाला किती फेऱ्या ते मोजा. आमच्या ४५ च्या आसपास होत्या. ४५ गुणिले ५० सेंमी म्हणजे मिनिटाला साडेबावीस मीटर.

तिसरा : मोटरसोबत तिची लिव्हर, म्हणजे दांड्यावर बसणारी पट्टी, मागून घ्या. मोटरच्या दांड्याला बारीक दाते असतात आणि त्यावर घट्ट बसेल असं दुसरं काही बाजारात सहज मिळत नाही. लिव्हरचं गोळीचं टोक कापून टाका, तिला तीन भोकं पाडा, आणि ती स्प्रॉकेटला बोल्टने आवळा. झालं कपलिंग. स्प्रॉकेटची दुसरी बाजू बाहेरच्या पाटीत बसवलेल्या बेअरिंगवर टेकवा.

मोटरला चार-पाच वायरी असतात. आपल्याला हव्यात हळू वेगाची आणि निगेटिव्ह, एवढ्याच. बॅटरी लावून एकेक तपासा. वायपर जागेवर आणून थांबवणारी वायर असते, तिला आणि उरलेल्यांना टेप गुंडाळून बाजूला ठेवा.

६. वीज आणि हाकायची डबी

स्विच सहा पायांचा, मध्ये बंद, आणि बोट सोडलं की आपोआप मध्ये येणारा. किमान १५ अँपिअरचा. 'सोडला की बंद' यावर तडजोड नको. मूल पडलं, घाबरलं, डबी हातातून सुटली, तर गाडी जागच्या जागी थांबते.

जोडणी : मधल्या दोन पायांना मोटर, वरच्या दोघांना बॅटरी, आणि वरच्या पायांपासून खालच्यांना फुलीसारख्या तिरप्या वायरी. स्विच वर ढकलला की पुढे, खाली ओढला की मागे. डाव्या पट्ट्याला डावा स्विच, उजव्याला उजवा. दोन्ही मोटरी समोरासमोर बसतात, त्यामुळे एक पुढे जाईल तेव्हा दुसरी मागे धावेल. तिच्या दोन वायरी अदलाबदल करा. चाचणीआधी गाडी दोन चिऱ्यांवर उचलून ठेवा, म्हणजे पट्टे अधांतरी राहतील.

दीड स्क्वेअरची (दीड चौरस मिमीची) वायर, अडीच मीटर, सहा धागे, सगळे सायकलच्या जुन्या ट्यूबमधून ओवून घ्या. १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभरात. फ्यूज वारंवार जातो म्हणून मोठा घालायचा मोह होतो. तो घालू नका, कारण शोधा.

बॅटरी पेटीत पट्ट्याने बांधा, तिच्या दोन्ही टोकांवर रबरी टोप्या हव्यातच. चार्जिंगला तिच्या मापाचा छोटा चार्जर, पाऊण अँपिअरच्या आसपासचा; मोटारगाडीच्या बॅटरीचा मोठा चार्जर लावलात तर ती फुगेल. चार्जिंग मोकळ्या हवेत, जागेपणी. आम्हाला एका चार्जिंगवर अर्धा तास मिळतो. वेग मंदावला की घरी आणा. लेड बॅटरी पूर्ण मरेपर्यंत पिळली तर ती लवकरच कायमची मरते.

७. पहिली फेरी

कोरड्या, सपाट अंगणात. पट्टा फिरत असताना तिथे बोट, काठी, खडू काहीही नेऊ देऊ नका. स्प्रॉकेटवर रीप चढते ती फट बोट धरते, आणि वर्म गिअर असल्यामुळे पट्टा हाताने मागे फिरवता येत नाही. आम्ही त्या फटीवर प्लायचा पदर लावला आणि लाल रंगवला. अडकलेलं काढायचं तर आधी बॅटरीची वायर सोडायची, मगच हात. हा नियम धाकट्याने रंगवून पेटीवर चिकटवलाय.

सरळ चालवणं मुलांना लगेच येतं. वळवताना दोन पद्धती शिकवा : एक पट्टा थांबवून दुसरा चालू ठेवला तर मोठं वळण, दोन्ही विरुद्ध फिरवले तर जागच्या जागी गिरकी. गिरकी मुलांना फार आवडते, पण पट्टा बाहेर निघतो तो बहुतेक गिरकीतच. पहिल्या दिवशी दोनपेक्षा जास्त नको.

८. चिखलात

आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यात तांबडी माती. खरी परीक्षा इथे. आषाढीच्या दुसऱ्या दिवशी माशेल गावचा चिखलकाला (चिखलात खेळायचा उत्सव) बघून आल्यावर धाकट्याला गाडी तिथे न्यायची होती. त्याला आमच्याच भाटातला चिखल दाखवला.

उतरण्याआधी थोरलीकडून एक हिशेब करून घेतला. ती आलेखाच्या कागदावर एका पायावर उभी राहिली, कडेने पेन्सिल फिरवली, चौकोन मोजले : १२० चौरस सेंमी. वजन ३६ किलो. म्हणजे एका पावलावर दर चौरस सेंटिमीटरला ३०० ग्रॅम. नारळांसकट गाडी २४ किलो. चिखलात पट्ट्याची ४५ सेंमी लांबी टेकते असं धरलं तर दोन पट्टे मिळून १,३५० चौरस सेंमी, म्हणजे १८ ग्रॅम. रिपांमधल्या फटी वजा केल्या तरी ३६. मग दोघी चिखलात उतरल्या. ती घोट्यापर्यंत रुतली, गाडी तिच्या बाजूने निघून गेली.

तांबडी माती रोलर आणि पाटीच्या मध्ये भरते आणि वाळली की सिमेंट. म्हणून सांगाड्याला खालून तळ लावू नका, माती पडायला वाट हवी. परतल्यावर लगेच बादलीने धुवा. पाण्याचा पाइप जोरात मारू नका, पाणी बेअरिंगमध्ये घुसतं. मग बेअरिंगला थोडं ग्रीस, आणि पट्ट्याचा ताण पुन्हा बोटाने बघा.

खाजनात (खाडीकाठच्या खाऱ्या शेतात) आणि समुद्रावर नेऊ नका. खारं पाणी बेअरिंगला आठ दिवसांत खातं. शिवाय किनाऱ्यावर वाहनं घालायला गोव्यात बंदी आहे. आपलं खेळणं त्यात येतं की नाही याचा वाद पोलिसाशी कशाला घालायचा? मोरजी, आश्वे, आगोंद, गालजीबाग इथे तर कासवं अंडी घालतात. पट्ट्याची गाडी तिथल्या वाळूत नकोच.

९. पुढे काय बिघडेल

पट्टा एकाच बाजूला सरकतो : आयडलर तिरका आहे, दोन्ही खाचांतलं अंतर मोजून सारखं करा. कट-कट आवाज : पट्टा ढिला, किंवा एखादी रीप सैल. गाडी एका अंगाला ओढते : त्या बाजूचा पट्टा जास्त ताणलाय, किंवा रोलरमध्ये माती आहे. मोटर गरम : हात लावून धरवत नसेल तर दहा मिनिटं थांबा, मुलांना नारळ मोजायला लावा. दर महिन्याला १२८ नटांपैकी दोन-तीन सैल सापडतात, शोधणाऱ्याला बिस्किट.

रिपा तुटतात. सुरुवातीलाच दहा जास्त करून ठेवा.

धाकट्याला आता पुढे खोदायचा हात हवाय. त्याला तिसरी मोटर लागेल, आणि हात पुढे लांबला की गाडी नाकावर पडू नये म्हणून बॅटरी मागे सरकवावी लागेल. ते येत्या मे महिन्यात बघू.

दिवाळी जवळ आली की वाड्यावरची पोरं मोटरी मागायला येतील, नरकासुराच्या पुतळ्याचा हात हलवायला. त्यांचेच सल्ले घेतलेत, नाही म्हणता येत नाही. द्या, पण लिव्हर स्प्रॉकेटवरच ठेवून मोटर तेवढी काढून द्या, आणि पहाटे जाळायच्या आधी ती सोडवून आणायला स्वतः उठा.